जन्मगाव सोडा, नेमणूक शोधा : किपलिंगच्या आजोबांचा माग

जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला डीनचा बंगला अनेक मुंबईकरांना 'किपलिंगचा बंगला' म्हणून माहीत आहे. 'जंगल बुक'चा लेखक रडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत, याच आवारात जन्मला, हे खरं. आज तिथे उभा असलेला बंगला मात्र त्याच्या जन्मानंतर बांधलेला आहे. पाटी वाचली, फोटो काढला की बघणाऱ्याचं समाधान होतं आणि तो पुढे सरकतो. वंशावळ काढणाऱ्यांचंही पुष्कळदा असंच होतं. जन्माच्या जागेवर बोट ठेवलं की 'मूळ गाव' सापडल्यासारखं वाटतं.

किपलिंगच्या बाबतीत हा समज फार लवकर तोंडघशी पाडतो. तो मुंबईचा, वडील पिकरिंगचे, आई शेफील्डची, एक मावशी बर्मिंगहॅमची, मामा लीड्सचा. नकाशावर टाचण्या टोचत गेलं तर निम्मं इंग्लंड भरेल आणि घराणं कुठलं ते कळणारच नाही. कारण साधं आहे. त्याचे दोन्ही आजोबा आणि आईकडचे पणजोबा वेस्लियन मेथडिस्ट, म्हणजे जॉन वेस्लीने चालवलेल्या प्रोटेस्टंट पंथाचे, धर्मोपदेशक होते, आणि मेथडिस्ट उपदेशकाची नोकरी पक्की बदलीची.

ज्यांचे वडील महसूल खात्यात किंवा बँकेत होते त्यांना हे वेगळं सांगायला नको. थोरला जन्मला चाळीसगावला, मधली पंढरपूरला, धाकटा गडहिंग्लजला, आणि यातलं एकही गाव घराण्याचं नाही. अशा घराचा माग काढायचा तर मुलांचे जन्मदाखले ठेवायचे बाजूला आणि वडिलांचं सर्व्हिस बुक उघडायचं. या प्रकरणाची किल्ली तीच आहे. आणि मेथडिस्टांनी आपल्या उपदेशकांचं सर्व्हिस बुक दरवर्षी छापून ठेवलं, हे आपलं नशीब.

मुंबईतली नोंद कुठवर नेते

सुरुवात फोर्टातल्या सेंट थॉमस कथीड्रलपासून. रडयार्डचा बाप्तिस्मा तिथे झाला. मुंबई इलाख्यातल्या अशा बाप्तिस्मा-विवाह-दफन नोंदींच्या नकला दरसाल विलायतेला जात; त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात 'एन/३' या मालिकेत आहेत. बंगालची 'एन/१', मद्रासची 'एन/२'. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचं नाव, आईबापांची नावं, बापाचा हुद्दा आणि राहण्याचं ठिकाण मिळतं. आजोबा मिळत नाहीत.

शिवाय ही नोंद पंथाच्या बाबतीत चकवा देते. सेंट थॉमस हे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं. आईबापांचं लग्नही १८ मार्च १८६५ रोजी लंडनच्या केन्सिंग्टनमधल्या सेंट मेरी ॲबट्स या अँग्लिकन चर्चमध्येच झालेलं. एवढ्यावरून कुणीही निष्कर्ष काढेल की घराणं अँग्लिकन, तेव्हा आता गावोगावच्या पॅरिश रजिस्टरांत (त्या त्या हद्दीतल्या अँग्लिकन चर्चच्या नोंदवह्यांत) शोधू. त्यात वर्षं जातील.

वाचवतो तो लग्नाचा दाखला. इंग्लंडमध्ये १८३७ पासून विवाहनोंदीत वर आणि वधू दोघांच्या वडिलांचं नाव आणि व्यवसाय असे रकाने आले. या जोडप्याच्या दोन्ही वडिलांचा व्यवसाय एकच होता. वराचे वडील जोसेफ किपलिंग (ते १८६२ मध्येच वारले होते) आणि वधूचे वडील जॉर्ज ब्राउन मॅक्डोनाल्ड, दोघेही वेस्लियन उपदेशक. इथून पुढे गावाचा शोध थांबवायचा आणि माणसाच्या नेमणुकांचा सुरू करायचा.

ही दोन घरं जुळली तीही एका नेमणुकीमुळेच. वधू ॲलिस हिचा भाऊ फ्रेडरिक मॅक्डोनाल्ड हाही उपदेशक. त्याची नेमणूक स्टॅफर्डशायरमधल्या बर्स्लेम या कुंभारकामाच्या गावी होती. वर जॉन लॉकवुड किपलिंग याने त्याच भागात चिनीमातीच्या धंद्यात कलाकुसरीचे धडे गिरवले होते. १८६३ साली ॲलिस भावाकडे आली आणि जवळच्या रडयार्ड तलावावरच्या सहलीत दोघांची ओळख झाली. मुलाचं नाव त्या तलावावरून पडलं. वडिलांचं आडनाव तर यॉर्कशायरमधल्या किपलिन या वस्तीवरून आलेलं. आपल्याकडे ते सरळ 'किपलिनकर' झाले असते.

बदलीचा कायदा

जॉन वेस्लीने १७४४ साली लंडनमध्ये आपल्या उपदेशकांची पहिली परिषद भरवली. पुढे ती दरवर्षी भरू लागली आणि १७६५ पासून तिची कार्यवृत्तं दरसाल छापली जाऊ लागली. मांडणी प्रश्नोत्तराची. कोणाला उमेदवार म्हणून घेतलं? कोणाला पूर्ण सामावून घेतलं? या वर्षी कोणते उपदेशक निवर्तले? कोण कुठे नेमला? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात एकेका सर्किटचं नाव आणि त्यापुढे उपदेशकांची नावं. सर्किट म्हणजे एका मुख्य गावाभोवतालच्या वाड्यावस्त्यांचा फेरा. वेस्लीच्या काळात उपदेशक तो घोड्यावरून पुरा करी.

वेस्लीच्या १७८४ च्या दस्ताने तर कायदाच घालून दिला की कोणत्याही उपदेशकाला एका जागी सलग तीन वर्षांपेक्षा जास्त नेमायचं नाही. म्हणून मेथडिस्ट उपदेशकाचं बिऱ्हाड दर दोन-तीन वर्षांनी हले. घर सामानासकट सर्किटचं असे. खुर्च्या, पलंग, भांडी सगळं मागे ठेवायचं. पुस्तकं, कपडे आणि मुलं घेऊन निघायचं. मॅक्डोनाल्डांच्या घरात मुलं होती पुष्कळ, पुस्तकंही पुष्कळ.

आता प्रत्यक्ष काम. ॲलिसचा जन्म शेफील्ड, एप्रिल १८३७. तिची बहीण जॉर्जियाना हिचा बर्मिंगहॅम, जुलै १८४०. फ्रेडरिकचा लीड्स, फेब्रुवारी १८४२. पाच वर्षांत तीन शहरं. नवखा माणूस काय करतो? १८३७ च्या कार्यवृत्तात मॅक्डोनाल्ड शोधतो, सर्किट टिपतो आणि पुढच्या कामाला लागतो. इथेच पाय घसरतो.

परिषद भरे जुलैअखेर-ऑगस्टमध्ये आणि नवीन जागी रुजू व्हायचं ते ऑगस्ट संपताना. म्हणजे '१८३७' च्या यादीतली नेमणूक सप्टेंबर १८३७ ते ऑगस्ट १८३८ या काळाची. एप्रिल १८३७ मध्ये जन्मलेल्या मुलीचा बाप कुठे होता हे पाहायचं तर १८३६ ची यादी उघडावी लागते. जुलै १८४० साठी १८३९ ची, फेब्रुवारी १८४२ साठी १८४१ ची. जन्म सप्टेंबर ते डिसेंबरमधला असेल तरच त्याच सालची. आपल्या शाळेच्या वर्षासारखा हिशेब आहे: मार्चमध्ये सातवीत असलेला पोरगा आदल्या जूनमध्ये सातवीत गेलेला असतो. एवढ्या एका गोष्टीने वंशावळी चुकलेल्या असतात, कारण एक वर्ष सरकलं की दुसरंच सर्किट हाती येतं आणि माणूस त्या सर्किटच्या रजिस्टरात नसलेला बाप्तिस्मा धुंडाळत बसतो.

दरसालची कार्यवृत्तं चाळणं जिवावर येत असेल तर १८१९ पासून विल्यम हिलने काढलेली वर्णानुक्रमी सूची आहे. उपदेशकाचं नाव काढा, त्यापुढे त्याची सर्किटं सालवार मिळतात. ती वेळोवेळी सुधारून निघत राहिली. वेस्लियन उपदेशक पूर्वज असेल तर मी आधी हीच उघडेन आणि मग कार्यवृत्ताशी ताडून पाहीन. सूची सोयीची खरी, पण तीही नक्कलच.

पाच दिवसांचा फरक

या प्रकरणातली माझी सगळ्यात आवडती जोडी म्हणजे आईबापांच्या जन्मतारखा. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ रोजी. जॉन लॉकवुड किपलिंग जन्मला ६ जुलै १८३७ ला. पाच दिवसांनी तो नव्या व्यवस्थेत बसला. ॲलिस जन्मली ४ एप्रिलला, म्हणजे तीन महिने आधी. तिच्यासाठी सरकारी जन्मदाखला असूच शकत नाही. (नोंदणी सुरू झाली तरी पुढची बरीच वर्षं नोंद न करणाऱ्याला दंड नव्हता, म्हणून पाच दिवसांच्या फरकावर फार विसंबू नये.)

मग ॲलिससाठी कुठे जायचं? वेस्लियनांनी १८१८ मध्ये लंडनच्या पॅटरनॉस्टर रोला आपली मध्यवर्ती जन्म-बाप्तिस्मा नोंदवही उघडली होती. सरकारी नोंदणी आल्यावर तिची गरज संपली. तिची आणि गावोगावच्या मेथडिस्ट चॅपलांची (प्रार्थनाघरांची) अनेक रजिस्टरं सरकारने मागवून घेतली. ती आता लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'आरजी ४' आणि 'आरजी ५' या मालिकांत आहेत. या मध्यवर्ती नोंदीचा एक फायदा बाकीच्या रजिस्टरांत क्वचित सापडतो. तिच्यात बाळाच्या आईच्या आईबापांचीही नावं लिहिलेली असतात. एका नोंदीत एकदम एक पिढी वर.

हा फायदा का मोठा, हे मॅक्डोनाल्ड घराकडे पाहिलं की कळतं. या घराची कीर्ती लेकींमुळे आहे. ॲलिसचा मुलगा रडयार्ड. जॉर्जियाना चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सची बायको. ॲग्नेस चित्रकार एडवर्ड पॉइंटरची. लुइसाचा मुलगा स्टॅनली बाल्डविन, जो पुढे तीनदा ब्रिटनचा पंतप्रधान झाला. ॲग्नेस आणि लुइसा या दोघींची लग्नं १८६६ मध्ये एकाच दिवशी वुल्व्हरहॅम्प्टनला लागली, कारण वडिलांचं बिऱ्हाड तेव्हा तिथे होतं. पण परिषदेच्या कार्यवृत्तात या चौघींपैकी एकीचंही नाव नाही. त्यांच्या आईचंही नाही. हॅना जोन्स, मँचेस्टरच्या किराणा व्यापाऱ्याची मुलगी, हिने दर दोन-तीन वर्षांनी संसार उचलला, मुलं जन्माला घातली, काही पुरली. नेमणुकीच्या यादीत असतं फक्त 'मॅक्डोनाल्ड'.

बायकांचा धागा पकडायचा तर लग्नाची नोंद हवी, आणि इथे मेथडिस्ट रजिस्टर उपयोगाचं नाही. १७५४ पासून १८३७ पर्यंत इंग्लंडमध्ये क्वेकर (एक लहान ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांना कायदेशीर लग्न अँग्लिकन पॅरिश चर्चमध्येच करावं लागे. किपलिंगच्या दोन्हीकडच्या आजी-आजोबांची ही अपत्यं १८३७ च्या एप्रिल आणि जुलैत जन्मलेली, म्हणजे ही लग्नं त्या कायद्याच्या काळातली. चॅपलमध्ये रोज प्रवचन देणारा माणूसही लग्नाला पॅरिश चर्चमध्येच गेला असणार. तेव्हा ज्या पॅरिश रजिस्टरांना आपण सुरुवातीला टाळलं त्यांच्याकडे इथे परत यावं लागतं.

नावंही बोलतात. जॉनच्या मधलं 'लॉकवुड' म्हणजे त्याच्या आईचं, फ्रान्सेसचं, माहेरचं आडनाव. स्टॅनली बाल्डविनचं 'स्टॅनली' आलं वडिलांकडच्या आजीच्या माहेराकडून; तिचे वडील रेव्हरंड जेकब स्टॅनली हेही वेस्लियन उपदेशक, १८४५ साली परिषदेचे अध्यक्ष. आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं, म्हणून मराठी माणसाला हे पटकन सुचत नाही. इंग्रजी नावात मध्येच एखादं आडनाव वाटावं असं काही दिसलं की आधी आजोळ तपासायचं.

शाळेची नोंद

बाप दर तीन वर्षांनी हलणार तर मुलांच्या शिक्षणाचं काय? वेस्लीने १७४८ मध्ये ब्रिस्टलजवळ किंग्जवुड शाळा काढली होती. उत्तरेकडच्या उपदेशकांच्या मुलांसाठी १८१२ मध्ये ब्रॅडफर्डजवळ वुडहाउस ग्रोव्ह निघाली. जॉन लॉकवुड किपलिंग तिथेच शिकला. सर्किटच्या यादीत मूल दिसत नाही, शाळेच्या पटावर दिसतं. म्हणून उपदेशकाचा मुलगा हरवला की या दोन शाळांचे पट आधी पाहावेत. जाता जाता, याच वुडहाउस ग्रोव्हमध्ये १८१२ साली परीक्षक म्हणून आलेल्या पॅट्रिक ब्रॉन्टेची गाठ मुख्याध्यापकांच्या नात्यातल्या मारिया ब्रॅन्वेलशी पडली. शार्लट, एमिली आणि ॲन या लेखिका बहिणींचे आईबाप ते. मेथडिस्टांच्या दप्तरात शोधायला एक जावं आणि दुसरंच घबाड मिळावं, असं होतं.

पणजोबा आणि आयर्लंड

जॉर्ज ब्राउन मॅक्डोनाल्डचे वडील जेम्स मॅक्डोनाल्ड, जन्म १७६१, मृत्यू १८३३. आयर्लंडच्या फर्मॅना परगण्यातल्या बॅलिनामॅलार्ड गावाजवळचे. खुद्द वेस्लीच्या हयातीत त्यांना उपदेशक म्हणून घेतलं गेलं आणि पुढे ते इंग्लंडच्या सर्किटांत आले. निवर्तलेल्या उपदेशकांवर कार्यवृत्तात टिपण छापायची रीत आहे, तसंच वेस्लियनांचं मासिक आहे. ते वेस्लीने १७७८ मध्ये सुरू केलं आणि नाव बदलत ते पुढे चाललं. या टिपणांतून जन्मगाव, कोणत्या वर्षी श्रद्धेकडे वळले, किती वर्षं सेवा केली, असं हाती लागतं. मात्र ती श्रद्धांजली म्हणून वाचावीत. त्यात कुणी कर्जबाजारी नसतो, कुणी तापट नसतो, आणि मरताना सगळेच शांत असतात. तारखा घ्याव्यात, विशेषणं सोडावीत.

इथे इंग्लंडची यादी पुरत नाही. आयर्लंडची परिषद वेगळी भरे. पहिली १७५२ ला लिमरिकमध्ये भरली. म्हणून जेम्सच्या सुरुवातीच्या नेमणुका आयर्लंडच्या खात्यात पाहायच्या. त्याच्या जन्माची नोंद मात्र मेथडिस्ट असणारच नाही, कारण १८१६ पर्यंत आयर्लंडचे मेथडिस्ट उपदेशक स्वतः बाप्तिस्मा देत नसत. मुलं चर्च ऑफ आयर्लंडच्या पॅरिशकडे नेत. आणि त्या पॅरिशांची असंख्य रजिस्टरं १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत गेली. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातून कुळ आलं अशी मॅक्डोनाल्डांच्या घरची आठवण आहे. आडनाव तिला दुजोरा देतं, पण आडनावाला पुरावा म्हणत नाहीत. वंशावळीत ही ओळ शिसपेन्सिलीने लिहावी.

घरातल्या वस्तूंवरही असंच भिस्त ठेवता येत नाही. मॅक्डोनाल्डांकडे जॉन वेस्लीच्या केसांची एक बट जपून ठेवली होती म्हणतात. घर आवरताना ती ॲलिसच्या हाती लागली आणि 'ज्या कुत्र्याने चावा घेतला त्याचेच हे केस' असं एका इंग्रजी म्हणीच्या चालीवर म्हणत तिने ती आगीत टाकली, अशी गोष्ट आहे. उपदेशकाच्या घरात वाढलेल्या चुणचुणीत मुलीचा सगळा वैताग त्यात आहे. तिचा भाऊ फ्रेडरिक मात्र १८९९ मध्ये त्याच वेस्लियन परिषदेचा अध्यक्ष झाला.

आपल्याकडचे मेथडिस्ट

हे वाचून एखाद्या मराठी ख्रिस्ती घरातल्या वाचकाला वाटेल की आमचे आजोबाही मेथडिस्ट पाळक होते, तर हीच कार्यवृत्तं उघडावीत. उघडू नका. ब्रिटिश वेस्लियनांचं हिंदुस्थानातलं मोठं काम मद्रास, म्हैसूर, हैदराबाद या बाजूचं. त्यातलं दक्षिणेकडचं १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियात गेलं. मुंबई-पुण्याकडचे मेथडिस्ट अमेरिकन परंपरेतले. अमेरिकन उपदेशक विल्यम टेलर १८७० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत आला, मिशनरी जॉर्ज बोवेन त्याला येऊन मिळाला, आणि तिथून ही मंडळी वाढली. तीच आजची १९८१ साली स्वायत्त झालेली मेथडिस्ट चर्च इन इंडिया. यवतमाळकडचे फ्री मेथडिस्ट पुन्हा निराळे. आणि अहमदनगरची अमेरिकन मराठी मिशन, जिच्यात नारायण वामन टिळक होते, ती तर मेथडिस्ट नव्हेच. 'आमचे अमेरिकन मिशनचे' या एका वाक्यात नगर, मुंबई आणि विदर्भ अशा तीन दिशा दडलेल्या असतात.

नेमणुकीची रीत मात्र इथेही तीच. वार्षिक परिषदेच्या शेवटी बिशप नेमणुका वाचून दाखवतात आणि त्या परिषदेच्या छापील वृत्तांतात येतात. अमेरिकन मेथडिस्टांचं दप्तर न्यू जर्सीतल्या मॅडिसन इथे ड्र्यू विद्यापीठाच्या आवारात आहे. यादी हाती घेण्याआधी परिषद कोणत्या महिन्यात भरली ते पाहायचं, म्हणजे शेफील्डसारखी एक वर्षाची चूक सोलापूर-पुण्यात होणार नाही. आणि पाळक होते की नुसते प्रचारक, हेही घरच्या वडीलधाऱ्यांना आधीच विचारून ठेवायचं. इंग्लंडातसुद्धा पोटापाण्याचा धंदा सांभाळून रविवारी उपदेश करणाऱ्या 'लोकल प्रीचर'चं नाव परिषदेच्या यादीत येत नाही. ते सापडतं सर्किटच्या तिमाही प्लॅनवर. चॅपलच्या भिंतीला लावायचा तो एक कागद असे, आणि तिमाही संपली की पुष्कळदा चूल पेटवायला जाई.